पाकबाईंच्या खाणावळीविरुद्ध

शनिवार, २ सप्टेंबर २००६
वृंदाला इथे जपानमध्ये बाइतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी, करायची आहे. बायकोने नोकरी जरूर करावी. स्त्रीस्वातंत्र्यावर बोलून मी कॉलेजला ढाल मिळवून दिली आहे. पण कुठे? शिन-ओकुबोच्या कोरियन खाणावळीत! मालकीण पाकबाई तिच्या जपानी क्लासमधल्या. पुण्याची एम.कॉम. झालेली बाई लोकांच्या लसणाच्या वाट्या उचलणार! पाऊण तास बोललो. वृंदा कपडे वाळत घालत होती. शेवटी म्हणाली, हरीश, तू कधी खाल्लंयस तिथे? आधी नीट खाऊन ये. मग नको म्हणालास तर मी पाकबाईंना नकार कळवते.
मान्य! आमच्या हिगाशी-कसाई वस्तीतल्या मराठी मंडळींसमोर कोजागिरीला माझं भाषण आहेच. विषय मिळाला.

रविवार, ३ सप्टेंबर
ताकादानोबाबाला गाडी बदलून शिन-ओकुबो. स्टेशनाबाहेर पडताच वासाने थोबाडीत मारली. एका गाड्यावर तांदळाच्या पिठाच्या रबरी कांड्या लाल, चिकट रश्शात रटरटत होत्या. दुसऱ्यावर रक्त भरलेलं आतडं. तिसऱ्यावर उकडलेले रेशीमकिडे, कागदी कपात! मी बोंबील खाणारा माणूस. पण बोंबलाचं तोंड कुठे ते निदान कळतं.
लाल कांड्या घेतल्या. नाक वाहिलं. कांडी टाळूला चिकटली. शिसारी आली. तरी संपवल्या, अन्न टाकणं आमच्यात बसत नाही.

रविवार, १० सप्टेंबर
पाकबाईंची खाणावळ. मागवली एक कोंबडी, सोबत वाट्यांची पलटण. आंबवलेला कोबी म्हणजे किमची, आंबवलेला मुळा, आणि टक लावून बघणारे चिमुकले मासे. नावडतं आधी संपवायचं, हा आमच्या घरचा नियम. श्वास रोखून कोबी संपवला. पाकबाईंनी वाटी पुन्हा भरली. पुन्हा संपवला. पुन्हा भरली! माझ्या चेहऱ्यावरची किळस या बाईला दिसत नाही? त्यानंतर तर वाटीच मोठी आली. मग बाईंनी शिंप्याची असते तशी कात्री काढली आणि तव्यावरची कोंबडी कराकरा कापली. काय हे!
घरी आलो तर वृंदा हसत होती. पाकबाईंचा फोन येऊन गेला होता. तुझ्या नवऱ्याइतक्या प्रेमाने किमची खाणारा परदेशी माणूस मी बघितला नाही, म्हणाल्या म्हणे.
माणसं ओळखण्याची शक्ती शून्य.

रविवार, २४ सप्टेंबर
आज वाट्यांना हात लावायचा नाही, असा कडक निश्चय करून गेलो. पण पाकबाई समोरच उभ्या राहिल्या. टाकलं असतं तर भारताची अब्रू गेली असती. देशासाठी खाल्लं. पोटात जाळ.
बुधवारीही जाऊन आलो होतो. वृंदाने विचारलं, पुन्हा? म्हटलं, भाषणाला तपशील लागतात.

शनिवार, ७ ऑक्टोबर
कोजागिरी. मसाला दूध. आणि माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण.
गरजलो, तिथला रस्सा इतका जहाल की कानांतून वाफा निघतात! लसूण असा की शर्टाला दोन दिवस वास! तव्यावर कोंबडी चरचरते, माणसं घाम पुसत ओरपतात, आणि वाटी संपली की फुकट भरतात, पुन्हा पुन्हा भरतात! हा अतिरेक नाही तर काय?
लोक खुर्चीच्या कडेला सरकले. मागच्या रांगेत कुणी तरी आवंढा गिळला. गहिवरले असावेत.
प्रल्हाद धावत आला. मूळचा कोल्हापूरचा, वर्षभर ऑफिस कँटीनच्या सपक नूडल्सवर सुकलेला. हात घट्ट धरून म्हणाला, हरीशराव, एवढंच सांगा, स्टेशनातून बाहेर पडलं की डावीकडे का उजवीकडे?
मोर्चा नेणार! उजवीकडे, सांगितलं.

रविवार, ८ ऑक्टोबर
वृंदाला निर्णय सांगितला. नको. ती वाद न घालता गॅलरीत गेली. बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा डोळे लाल. वाईट वाटलं, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.
ती नकार कळवायला फोन उचलणार, तोच पाकबाईंचाच आला. सकाळपासून दुकान भारतीयांनी भरलंय, प्रत्येक जण यात बीफ आहे का विचारतोय, कुणाचं कुणाला कळत नाहीये, ताबडतोब ये.
फोन ठेवून वृंदाने विचारलं, काय करू? म्हटलं, आजच्या दिवस जा. माणुसकी म्हणून.

शनिवार, १८ नोव्हेंबर
संध्याकाळी कुकर रिकामा. वृंदा कामावर. आता तिच्याशिवाय पाकबाईंचं पान हलत नाही. शिन-ओकुबोला गेलो. रांग फुटपाथवर, निम्मी मराठी. माझ्या भाषणाची सत्यता पडताळायला लोक अजून येतात.
नंबर लागला. दारात वृंदा, ॲप्रन, हातात पॅड. वर न बघताच विचारलं, किती जण?
एकटाच, म्हटलं.
वर बघून हसली. म्हणाली, शनिवारी एकट्याला टेबल नाही रे मिळत. प्रल्हादभाऊजींच्या टेबलावर बसतोस?
बसलो. प्रल्हादने वाटी पुढे सरकवली आणि किमची कशी खायची, तिच्यामागची संस्कृती काय, हे मला समजावून द्यायला सुरुवात केली. पाऊण तास बोलला.
ऐकून घेतलं.