डुगडुगती खुर्ची

चि. धाकटीस,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझी कंबर, तुझ्या यजमानांचा खोकला आणि तुमच्या चष्म्याच्या दुकानाचं शटर, तिन्ही आता ताळ्यावर आली असतील असं धरून चालते. इकडे मी धडधाकट आहे, तुझे भावजीही आहेत. पत्राला कारण आहे, आणि अक्षर नेहमीसारखं सरळ आलेलं नाही त्यालाही आहे. दोन्ही शेवटी सांगेन. आधी हकिकत वाच.

कंपनी विकली गेली आणि माझी आस्थापना अधीक्षकाची जागा रद्द झाली, हे तुला ठाऊक आहे. छप्पन्नाव्या वर्षी नोकरी शोधणं म्हणजे काय, हे मात्र मलाही ठाऊक नव्हतं. सात महिन्यांत एकवीस अर्ज केले आणि बोलावणं आलं एकाच ठिकाणाहून, एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातून. तुझ्या लेकीला हे कळताच तिने मला फोनवरून शिकवायला घेतलं. (बावीस वर्षं मी मुलाखती घेतल्यात, हे तिला सांगून पाहिलं. "मावशी, घेणं वेगळं, देणं वेगळं," म्हणाली. तुझ्यावर गेलीय.) तिच्या म्हणण्याप्रमाणे माणसाने तोंड उघडण्याआधी त्याचं अंग बोलतं. म्हणून पाठ ताठ ठेवायची पण ताठर नको, हात टेबलावर हवेत पण पसरलेले नकोत, डोळ्यांत बघायचं पण रोखून नाही, किंचित पुढे झुकायचं, आणि सगळा वेळ सौम्य हसायचं. आत जाण्याआधी बाथरूममध्ये कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं उभं राहायचं, म्हणजे धीर येतो. आठवडाभर मी आरशासमोर हसले. चौथ्या दिवशी तुझ्या भावजींनी विचारलं, "दाढ दुखतेय का?"

ठरल्या दिवशी पाऊण तास आधी पोचले. बाथरूममध्ये कमरेवर हात ठेवून धीर गोळा करत होते, तर सफाईवाल्या बाई धावत आल्या आणि "लगेच पुसते मॅडम" म्हणत सगळी फरशी पुसून गेल्या. त्यांना वाटलं, मी तपासणीला आलेय.

मग आत बोलावलं. दार उघडलं, समोर लांब टेबल दिसलं आणि माझे पाय आपोआप वळसा घालून पलीकडे गेले. तिथे मधली खुर्ची रिकामी होती (त्यांचे साहेब यायचे होते). बसले, फाइल ओढली, चष्मा लावला आणि वर पाहिलं. समोर उमेदवार नाही. डावीकडे एक तरुण, उजवीकडे एक तरुणी, दोघंही माझ्याकडे बघताहेत. अंग बोलतं म्हणतात ते हे. "मॅडम, तुमची जागा... त्या बाजूला," तरुण म्हणाला. चांगल्या घरचा असावा, हसला नाही.

त्या बाजूला गेले आणि बसण्याआधी खुर्ची हलवून पाहिली. तुला कधी सांगितलं नाही, पण आमच्याकडे उमेदवारासाठी मी एक पाय आखूड असलेली खुर्ची ठेवत असे. सुतार दोनदा दुरुस्तीला आला, दोनदा मी त्याला परत पाठवला. घाबरलेलं माणूस बसलं की ती टकटक वाजायची, आम्हाला फारसं विचारावंच लागत नसे. (टायपिस्टच्या जागेसाठी तू आली होतीस, तेव्हा तीच होती. साहेबांनी तुला नाकारलं, मी तरी काय करणार.) इथली खुर्ची भक्कम, मऊ आणि चाकांची. तुझ्या लेकीने सांगितल्याप्रमाणे मी पुढे झुकले की ती मागे सरकायची. तिसऱ्या प्रश्नापर्यंत टेबल हातभर लांब गेलं होतं, हात ठेवायचे कुठे? हसू मात्र चालूच. जुन्या नोंदी संगणकावर कशा न्याल, असा साधा प्रश्न. उत्तर मला झोपेतही येतं, पण पहिलंच वाक्य मी तीनदा सुरू केलं. तरुणीने पाण्याचा ग्लास दिला आणि माझ्या हातून त्यातलं निम्मं पाणी तिच्याच कागदांवर सांडलं. "असू दे मॅडम, सावकाश," ती इतक्या मायेने म्हणाली की मला तिचा राग आला. आमच्याकडे कोणी कोणाला सावकाश म्हणत नसे. मग तिने शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द लिहिले. साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून उलटा कागद वाचायला मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकले होते. हात थरथरतात, असं लिहिलं होतं.

पुढे काय बोलले ते आठवत नाही. परतताना बसमध्ये समोरच्या बाईने तोंड फिरवलं, तेव्हा लक्षात आलं की मी अजून हसतेच आहे.

तुझी,
ताई

ता. क. काल नकार आला. शेवटी "पुढील वाटचालीस शुभेच्छा". हे वाक्य मी स्वतः शेकडो पत्रांत घातलंय. वाचणाऱ्याला ते कसं लागतं, ते आता कळलं.

ता. क. २. तुमच्या दुकानात काउंटरला विश्वासू माणूस हवंय, असं तू मागच्या महिन्यात म्हणाली होतीस आणि मी "आता दुकानात उभी राहू का?" म्हणून फोन ठेवला होता. जागा अजून रिकामी असेल तर उभी राहीन. केसाएवढे स्क्रू तू बसव, गिऱ्हाइकं मी सांभाळते.

ता. क. ३. तुझ्या अर्जावरचा शेरा साहेबांचा नव्हता. साहेब म्हणाले होते, घेऊन टाका. "हात थरथरतात" हे अक्षर माझं. बहिणीला चिकटवलं असं लोक म्हणतील, याची मला भीती वाटली. त्या खोलीत घाबरलेली तू एकटी नव्हतीस, एवढंच. कंपनीचं सामान भंगारात निघालं तेव्हा ती खुर्ची मी मागून घेतली. तिच्यातच बसून हे लिहितेय, म्हणून अक्षर हललंय. हे वाचूनही बोलावणार असशील आणि आधी मुलाखत घ्यायची असेल, तर कळव. येताना खुर्ची घेऊन येईन.