दुसऱ्याच्या वाक्याला हात

१४ मार्च, गुरुवार
साधना-केंद्र, शिक्षकांची खोली, दुपार

प्रिय धाकट्यास,

ताईचा प्रभूमध्ये सलाम. तुम्ही तिघं सुखरूप असाल, तुझा गुडघा जिना चढू देत असेल आणि भावजयबाईंनी माझ्यावरचा राग नीट घडी घालून कपाटात ठेवला असेल, असं धरून चालते. मी ठणठणीत आहे. पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही आणि मला काही झालेलं नाही. दर रविवारी फोन करणारी बाई एकदम कागद-पेन घेऊन का बसली, ते येईल पुढे. आधी थोडी शेखी मिरवू दे.

सोबत केंद्राचं माहितीपत्रक पाठवते आहे. दुसरं पान उघड. डावीकडून तिसरा फोटो, चष्म्यावर उजेड चमकतोय ती मी. एकसष्टाव्या वर्षी माझा फोटो छापून आला, रे. खाली लिहिलंय, 'अठ्ठावीस वर्षे रुग्णसेवा, त्यापैकी अकरा वर्षे मेट्रन. गेली सहा वर्षे येथे अध्यापन.' वॉर्डातल्या पोरी मला पाठीमागे 'शिट्टी' म्हणायच्या, ते छापलेलं नाही.

आम्ही इथे नक्की काय शिकवतो, हे तू कधी विचारलं नाहीस आणि मी सांगायची थांबले नाही, तरी एकदा नीट सांगते. नाव मोठं आहे, आध्यात्मिक मार्गदर्शन. पण मार्ग दाखवायचा नसतो. माणूस येतो, खुर्चीत बसतो, आपल्या आयुष्यात देव कुठे आहे, का नाहीसा झालाय, ते चाचपडत बोलतो. आपण ऐकायचं. उपदेश नाही, सल्ला नाही, 'माझ्या मावशीचंही असंच झालं होतं' तर नाहीच नाही. त्याचं त्याला दिसेपर्यंत सोबत बसायचं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. यंदा बावीसजण आहेत.

आणि शिकवणारे कोण, तर ऐक. आमच्या मुख्य सिस्टर, बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या. अजूनही कोणी बोलायला लागलं की आधी पायऱ्या तपासतात, उत्तर मागून. फादर आहेत, ते फादर व्हायला सेमिनरीत जायच्या आधी मालवाहू जहाजावर आचारी होते. सहा महिने पाण्यावर, एकवीस पुरुष आणि एक स्वयंपाकघर. ते म्हणतात, कबुलीजबाब ऐकायला मी तिथेच शिकलो, कांदा चिरता चिरता. तिसरे निवृत्त जज्जसाहेब. जन्मभर निकाल दिले, आता ओठ दाबून बसतात. पहिल्या वर्षी म्हणे दर दहा मिनिटांनी त्यांचा हात टेबलावर आपटायला उठायचा. आणि चौथी मी. कुठून कुठून गोळा झालेली माणसं, पण मला सांगायला अभिमान वाटतो की अशी चौकडी दुसरीकडे नसेल. सिस्टर म्हणतात, आधीचं काम हे वाया गेलेलं आयुष्य नसतं, तेच पाचारणाचं पहिलं वर्ष असतं.

पाचारण. देवाचं बोलावणं. हा शब्द लिहिताना पेन जरा थांबलं. असो.

आमच्याकडे एक नियम आहे, तो मीच शिकवते. पहिल्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते, 'दुसऱ्याच्या वाक्याला हात लावायचा नाही.' समोरचा अडला तर अडू द्यायचं. शब्द सापडत नसेल तर आपण पुरवायचा नाही, कारण आपण पुरवलेला शब्द आपला असतो आणि तो बिचारा भिडेखातर 'हो' म्हणून मोकळा होतो. तीन श्वास मोजायचे. मग वाटलं तर बोलायचं. सहा वर्षं हा धडा मी इतका झकास शिकवतेय की सिस्टर नव्या तुकडीला सांगतात, हा तास चुकवू नका.

आता गेल्या मंगळवारचं.

सरावाचा तास होता. एकाने बोलायचं, एकाने ऐकायचं, बाकीच्यांनी बघायचं. ऐकणारी मी, कारण प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. बोलायला आली एक शिवणकाम करणारी बाई, पन्नाशीची, अबोल. नवरा गेल्यानंतरच्या वर्षाबद्दल सांगत होती. म्हणाली, "त्या दिवसांत मी प्रार्थनेला बसायचे आणि मला वाटायचं, की देव..." आणि थांबली.

एक श्वास. दोन श्वास. आणि तुझी ही ताई, फळ्याखालीच बसलेली, म्हणाली, "देव तुम्हाला सोडून गेलाय."

बावीस माणसं, सिस्टर, फादर, जज्जसाहेब, सगळे बघत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझे कान तापले.

ती बाई शांतपणे म्हणाली, "नाही ताई, मला ते म्हणायचं नव्हतं. मला म्हणायचं होतं, की देव माझ्यासारखाच गप्प बसलाय. सोबत." मग म्हणाली, "मला हे कळलं ते एका दुकानात."

आणि तिने सांगितलं. तिच्या माहेरच्या गावात बाजाराच्या मागच्या गल्लीत शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. दाराशी हिरवा बाक, एक पाय आखूड, त्याखाली विटेचा तुकडा. ती मशीन घेऊन गेली. टाके सुटतात म्हणाली. मशीनवाल्या काकांनी पट्टा काढला, शटल पुसलं, तेल घातलं, आणि ती बोलत राहिली. नवऱ्याचं आजारपण, सासरच्यांचं बोलणं, चर्चमध्ये पाय ठेवावासा वाटत नाही, सगळं. तासभर. काका काहीच बोलले नाहीत. शेवटी त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि एक वाक्य म्हणाले. ते पुरं व्हायला बराच वेळ लागला, कारण ते अडखळतात. म्हणाले, "मशीन ठीक आहे, बाई. तुम्ही पुन्हा या."

ती वर्षभर दर आठवड्याला गेली. मशीन बरं असताना. ती म्हणाली, "ते इतके सावकाश बोलायचे, की मला माझंच बोलणं ऐकू यायला लागलं. म्हणून मी इथे आले. मला त्यांच्यासारखं बसायला शिकायचंय."

फादरांनी नाक शिंकरलं. सिस्टर म्हणाल्या, "कोण हे गृहस्थ?"

विटेचा तुकडा मी बसवला होता, धाकट्या. तुला आठवत असेल.

मी म्हणाले, "माझा भाऊ."

मग बघायलाच नको. सगळे वळून माझ्याकडे असे बघायला लागले, जणू आत्ता कळलं ही बाई अशी का. जज्जसाहेब म्हणाले, "म्हणजे तुम्ही ऐकायला घरीच शिकलात तर." आणि मी मान डोलावली. माझी झालेली चूक सगळे विसरले आणि मी ती मान तशीच ताठ ठेवून चहाला गेले. तुझा अभिमान इतका वाटला, की छाती भरून आली, खोटं नाही सांगत. पण चहा ओतून घेताना ध्यानात आलं, तुझं श्रेय पुन्हा मीच घेऊन निघाले होते.

'पुन्हा' लिहिलंय बघ मी. आता लिहितेच.

लहानपणापासून तुझं तोंड मीच होते. दुकानदार, मास्तर, पाहुणे, कोणी काही विचारलं की तू श्वास घ्यायचास आणि उत्तर मी द्यायचे. आई म्हणायची, पोरीने भावाला सांभाळलं. मलाही तेच वाटायचं. बहुतेक वेळा मी बरोबर सांगायचे, हे तूही मान्य करशील.

त्या रविवारीही मला बरोबर उत्तर माहीत होतं. आदल्या संध्याकाळी तू मागच्या अंगणात नळापाशी मला चिठ्ठी दिली होतीस, मशीनच्या बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर. 'मी सेमिनरीत जाणार. उद्या फादरांना स्वतः सांगणार.' 'स्वतः'खाली दोन रेघा होत्या. मी ती वाचली, तुझ्या पाठीवर थाप मारली आणि आत जाऊन माझा नर्सिंगचा अर्ज उघडून बसले. तू गेलास तर आईचं आजारपण आणि बाबांचं दुकान कोणाच्या गळ्यात पडणार होतं, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

दुसऱ्या दिवशी चर्चमधली मिस्सा आटोपून आपले जुने फादर दुकानात आले. हिरव्या बाकावर बसले. बाबांसमोर विचारलं, "काय रे, तुझं काय ठरलं? या महिन्यात नाव कळवायचंय." तू स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवलास. तोंड उघडलंस. मानेच्या शिरा ताणल्या. आम्ही सगळे थांबलो.

आणि मी म्हणाले, "फादर, त्याला दुकानच बघायचंय. बाबांना सोडून जाणं त्याला जमायचं नाही."

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही, तेच तर. तू फक्त बघितलंस, तोंड मिटलंस आणि स्क्रू ड्रायव्हर उचललास. बाबांचा हात खांद्यावर असताना तू मला खोटं पाडलं नाहीस. अठरा वर्षांचा होतास. तीन महिन्यांनी माझी ट्रंक तूच स्टँडवर पोचवलीस.

मी अडखळणाऱ्या भावाला मदत केली नाही. मी खोटं बोलले, तुझ्या तोंडाने. एकोणचाळीस वर्षं झाली. मधे मी स्वतःला हजारदा समजावलं, की नाहीतर त्याचा संसार झाला नसता, आपली पोरगी जन्मली नसती, जे झालं ते बऱ्यासाठीच. पोरगी गुणाची आहे, ते तुमचं श्रेय. माझ्या खोट्यावर तिचं नाव लिहिण्याचा मला हक्क नाही.

आणि फोनचंही सांगते. तू कागदावर कधीच अडखळत नाहीस. तुझी चिठ्ठी म्हणजे एकेक शब्द जागच्या जागी. म्हणून तर मी पत्र कधी लिहिलं नाही. फोनवर मी वीस मिनिटं बोलते, तू "हं" म्हणतोस, "बरं" म्हणतोस, आणि मी समाधानाने ठेवून देते. पत्र लिहिलं असतं तर तू उत्तर दिलं असतंस. भावजयबाई माझ्यावर चिडतात ते उगाच नाही. त्यांना तू सांगितलं असशील, किंवा सांगायची गरजही पडली नसेल.

बुधवारी सकाळी मी सिस्टरांकडे गेले आणि सगळं ओकले. त्यांनी ऐकलं. तीन श्वास घेतले, माझ्यासमोर चक्क मोजले. मग म्हणाल्या, "मेट्रन, गणित मला मांडून दाखवून काय उपयोग? ज्याचं वाक्य त्याला नेऊन द्या."

मी म्हटलं, "आणि माझा तास?"

म्हणाल्या, "तास घ्या की. आता कुठे तुम्हाला तो येतोय."

तर हे पत्र त्यासाठी. आणखी एक काम आहे. जूनपासूनच्या तुकडीला सिस्टरांना पाचवा शिक्षक हवाय. आठवड्यातून एक दिवस. काखेत कळसा आणि गावाला वळसा, चार महिने त्या शोधत होत्या. त्यांचं तुझ्यावर ठरलंय, फादरांचं आणि जज्जसाहेबांचंही. भाषण द्यायचं नाही. दुकानात बसतोस तसं बसायचं आणि पोरांनी बघायचं. हवं तर एखादं मशीनही ठेवू मधे, फादर म्हणाले.

माहितीपत्रकासाठी एक अर्ज भरावा लागतो, तो सोबत आहे. 'पूर्वीचा व्यवसाय' या रकान्यात मी माझ्या हाताने लिहिलंय, शिलाई मशीन दुरुस्ती, एकोणचाळीस वर्षे. ते खरं आहे आणि लिहिताना मला किती बरं वाटलं, म्हणून खोडलं नाही. त्याखाली 'आपले पाचारण' असा रकाना आहे, चार ओळींचा. मी त्यातही लिहायला घेतलं होतं. छान वाक्य सुचलं होतं, अगदी तुला शोभेलसं. 'म' लिहिला आणि पेन झटकन उचललं. तिथे शाईचा ठिपका दिसेल. तो माझा, बाकी रकाना कोरा आहे.

त्यात तू 'येतो' लिही, 'येत नाही' लिही, मला शिव्या लिही. चार ओळी पुरल्या नाहीत तर मागचं पान आहे. काहीच न लिहिता परत पाठवलास तरी मी समजेन, आणि काय समजले ते कोणाला सांगणार नाही. आलास, तर पहिल्या दिवशी सिस्टर तुला तुझी ओळख करून द्यायला सांगतील. तू श्वास घेशील आणि अडशील. मी पहिल्या रांगेत बसलेली असेन. सगळे माझ्याकडे बघतील, बहीण आहे, सांगेल काहीतरी. मी सांगणार नाही. पाच मिनिटं लागोत, तास जावो.

या रविवारी फोन करत नाहीये. पोस्टमनकडे बघत बसेन.

तुझं एक वाक्य एकोणचाळीस वर्षं अडवून बसलेली,
तुझी ताई