बेगमचे डोळे

२ मार्च, मेसईद

लागली! नोकरी लागली! कतारला उतरून तीन आठवडे होत नाहीत तोच नुपूरबाई कामाला. मिहीर प्लांटवरून आला तेव्हा पेढ्यांऐवजी खजूर पुढे केले. नोकरी अजगरांच्या फार्मवर आहे हे ऐकून त्याचा खजूर हातातच राहिला. साधी पाल दिसली तरी खुर्चीवर चढणारा माणूस तो.

नाशिकला कोंबड्यांच्या हॅचरीत नऊ वर्षं काढली मी. अंडं म्हणजे ऊब, ओलावा आणि धीर, बाकी सगळं शिकता येतं. फरक एवढाच, की कोंबडीचं अंडं रोज फिरवायचं आणि अजगराचं अजिबात फिरवायचं नाही.

मालक कतरी, दोहाच्या द पर्ल या श्रीमंत वस्तीत राहतात, आठवड्यातून एकदा फेरी मारतात. त्यांची हौस न्यारी आहे. बर्मी अजगर अंगाने थोराड, पण रंगाला साधा. बॉल अजगर लहानखुरा, पण त्याच्या काही पिल्लांच्या अंगावर शुभ्र पांढरे पट्टे येतात, बांड्या बैलासारखे. मालकांना तो पांढरा रंग मोठ्या अंगावर हवा आहे. दोघांचा संकर झालाय, पण त्या पिढीत पांढरा दिसत नाही, आत लपून बसतो. म्हणून आता त्या पिढीतल्या बहीणभावाची जोडी लावली आहे. चारात एक तरी पिल्लू बांडं निघावं. यातली मादी म्हणजे बेगम, सात फुटी आणि नावाप्रमाणे नखरेल.

फार्म सांभाळतात ताहेरुन्निसाखाला. मूळच्या रत्नागिरीच्या, वीस वर्षं इथेच आहेत. नवरा मालकांचा ड्रायव्हर होता, तो गेल्यावर खाला आणि मुलगी रिदा फार्मवरच राहिल्या. रिदा एकोणीस वर्षांची, गोड आणि अबोल. घरातही काळा चष्मा लावते. डोळ्यांचं काही दुखणं असावं, मी विचारलं नाही.

फाटकातच खालांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "पोरी, खरा सांग, तुला दिवस गेलेत काय?"

मी सरळ नाही म्हणाले.

आठवा आठवडा चालू आहे. पण तीन महिने होईपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही, अशी सासूबाईंची फोनवर सक्त ताकीद आहे. मी असलं काही मानत नाही. पण सासूबाई मानतात, आणि मी सासूबाईंना मानते. शिवाय मागचं बाळ चौथ्या महिन्यात गेलं, तेव्हा साऱ्या बिल्डिंगला सांगून बसले होते. पुन्हा तसं सांत्वन ऐकायची ताकद माझ्यात नाही.

९ मार्च

बेगमने अंडी घातली. नऊ! तिच्या विळख्यातून एकेक सोडवून घेतलं, पेन्सिलीने वरच्या बाजूला खूण केली आणि उबवणीयंत्रात ठेवलं. खाला रोजा असूनही दिवसभर उभ्या होत्या. काम चालू असताना बेगम माझ्याकडे टक लावून पाहत होती. सापाला पापण्याच नसतात, त्यामुळे तो टक लावून पाहतो असं आपल्याला वाटतं, एवढंच. तरी तोंड वळवून काम केलं.

२८ मार्च

अंड्यांमागे टॉर्च धरून पाहिलं. लाल शिरांचं जाळं आणि मधे हलणारा ठिपका. हॅचरीत लाखो अंडी पाहिली, पण एका अंड्यामागे इतका वेळ टॉर्च कधी धरला नव्हता. माझ्या आतही असंच काही चाललंय.

तीन महिने आता भरतील. खालांना सांगायला हवं. पण सांगितलं की पहिल्या दिवशीचं खोटं उघडं पडणार. पुढच्या आठवड्यात बघू.

६ एप्रिल

बेगमचे डोळे दुधाळ झालेत. घाबरण्यासारखं काही नाही. कात टाकायच्या आधी डोळ्यावरची पारदर्शक झापडही सुटू लागते. आठवड्याभरात कात पडेल, डोळे लख्ख होतील.

खाला मात्र तीनदा येऊन बघून गेल्या.

१७ एप्रिल

कात चार दिवसांपूर्वी पडली. अखंड, डोळ्यांच्या झापडांसकट. डोळे पांढरेच आहेत. ओल्या फडक्याने पुसले, भिंग लावून पाहिलं. वर काही चिकटलेलं नाही, आतूनच पांढरे आहेत. मालकांनी डॉक्टर आणला. तो म्हणाला जन्माचा दोष असेल, दोन जातींचा संकर केला की असं होतं. पटण्यासारखं आहे.

पण जन्माचा दोष एकाएकी दिसतो?

२३ एप्रिल

सांगून टाकलं. सांगावंच लागलं, खालांनी ओढणीवरून पोटाकडे पाहिलं आणि मला खोटं बोलवेना. त्या तिथेच पायरीवर बसल्या. गर्भारशीची नजर पडली की साप आंधळा होतो म्हणे, म्हणून त्या येणाऱ्या प्रत्येक बाईला फाटकातच विचारतात.

मला हसू आलं. हे मीही लहानपणी ऐकलंय. हसत हसतच समजावलं, की मग नागपंचमीला निम्मे नाग आंधळे झाले असते. खाला हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की अर्धीच गोष्ट ऐकलीस तू. आणि उठून गेल्या.

मिहीरला सांगितलं, तो म्हणतो नोकरी सोड. अंडी उबेपर्यंत थांबते म्हटलं.

४ मे

पिल्लं निघाली. नऊपैकी आठ जगली. दोन बांडी आहेत, दुधासारखी पांढरी, मधेच सोनेरी ठिगळं. मालक आनंदाने माशाल्ला माशाल्ला करत होते, मग त्यांनी एकाला हातात घेतलं आणि लगेच डब्यात परत ठेवलं.

आठांपैकी एकालाही डोळे नाहीत. डोळ्यांच्या जागी सपाट कातडी.

आठही डबे टेबलावर ओळीने ठेवले होते. मी या टोकाकडून त्या टोकाला गेले, तशी आठही डोकी माझ्याबरोबर फिरली. अजगराच्या ओठांवर खळगे असतात, त्यांनी त्याला ऊब कळते. मी उबदार आहे, म्हणून फिरली. हे शास्त्र आहे. मी स्वतःला चारदा सांगितलं.

पण खाला माझ्या शेजारून चालत होत्या. त्याही उबदारच आहेत. आणि डोकी माझ्या चेहऱ्याकडे नव्हती. खाली होती. पोटाकडे.

६ मे

आजचं आजच लिहायला हवं.

खालांनी आज मागच्या खोलीत नेलं. तिथे एक म्हातारी बर्मी मादी आहे, पांढऱ्या डोळ्यांची. रिदा तिला हाताने भरवत होती. खालांनी सांगितल्यावर रिदाने चष्मा काढला.

डोळे सुंदर आहेत. पिवळसर, उभ्या बाहुलीचे. पापण्या नाहीत. ती माझ्याकडे पाहून ओशाळं हसली, आणि तिला पाहून दचकले याची मला लाज वाटली.

उरलेली अर्धी गोष्ट अशी. सापाची नजर विझत नाही, पोटातल्या बाळात जाते. वीसएक वर्षांपूर्वी, रिदा पोटात असताना, खालांनीही फाटकात नाही म्हटलं होतं, तीन महिने सांगायचं नाही म्हणून. आपल्याकडेही तसंच, त्यांच्याकडेही तसंच. त्यांच्याबरोबर आणखी एक बाई कामाला होती. तिच्या नजरेने आंधळा झालेला साप पाचव्या महिन्यात मेला. त्याच तासाला तिच्या पोटातलं थांबलं. म्हणून खालांच्या नजरेने आंधळी झालेली ही म्हातारी अजून जिवंत ठेवली आहे. रिदाने तिच्यासाठी शाळा सोडली, इथून हलत नाही.

मी म्हटलं, योगायोग असेल. खाला म्हणाल्या, असूदे. पण बेगमला मरू देऊ नकोस.

१२ मे

बेगम खात नाही. पाच आठवडे झाले. गोठवलेला उंदीर कोमट पाण्यातून काढून नाकाशी धरला, लावे पक्षी धरले. तोंड फिरवते.

बाळ हलायला लागलंय. पण कमी. तिने डोकं टाकलं की तेही निपचित. मी वेळा मांडून पाहिल्या. नको होत्या मांडायला.

१९ मे

मालकांनी निरोप पाठवला. हा वंश बिघडलाय, खलास करा. पिल्लांचं काल झालं. बेगमचं परवा करायचं.

पिल्लं गेली तेव्हा दिवसभर पोटावर हात धरून बसले. बाळ हललं. म्हणजे त्यांच्यात काही नव्हतं. बाळात जी नजर गेली ती बेगमची.

खालांनी मोठी बॅग आणून ठेवली. 

२० मे

बेगम आमच्या घरी आहे. बाहेरच्या बाथरूममध्ये, टबात. मालकांना खालांनी सांगितलं, मेली, पुरली.

मिहीरला सांगता येत नाही. सांगितलं तर तो एकतर मारेल, नाहीतर पोलिसांना बोलावेल. त्या बाथरूमचा नळ बिघडलाय, सगळं पाणी होतंय, कडी काढू नकोस, असं सांगितलंय. दुसरं खोटं. पहिल्याने काय केलं ते कळूनही दुसरं बोलले.

२६ मे

दोहाच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या दवाखान्यात सोनोग्राफी. विसावा आठवडा.

डॉक्टरबाई बोलता बोलता थांबल्या. दुसरीला बोलावलं. दोघी हळू बोलत होत्या. या महिन्यात पापण्या मिटलेल्या असतात म्हणे, चिकटलेल्या. बाळाचे डोळे उघडे दिसतायत. मशीनचा दोष असेल, दोन आठवड्यांनी या.

मिहीर पडद्याकडे पाहून हसत होता. म्हणाला, बघ, आपल्याकडेच बघतंय.

२८ मे

खाल्लं! बेगमने खाल्लं! एक लावा, मग दुसरा. टबाशेजारी फरशीवर बसले होते. तिने गिळलं आणि पोटात धाडकन लाथ बसली, मग आणखी एक. मी रडले. कसलेही डोळे असूदेत. पिवळे असूदेत. मी काळा चष्मा घेईन, मागची खोली घेईन, आयुष्यभर लावे भरवीन. फक्त जगू दे.

रात्री मिहीरला सगळं सांगणार. आता खोटं नको.

२९ मे

काल धीर झाला नाही. आज.

दुपार. पडून लिहितेय, पाठ दुखते. मिहीर लवकर आलाय, शिट्टी वाजवतोय. काहीतरी मजा आहे म्हणाला, उठू नकोस. आल्या आल्या कपाटातून काहीतरी काढलं, लोखंडाचा आवाज —

बाळ फिरलं. आत्ता. सगळंच्या सगळं एका बाजूला, भिंतीकडे. भिंतीपलीकडे बाथरूम —

पाना. त्याने पाना काढलाय. नळ. तो नळ दुरुस्त करायला —

हाक मारली. शिट्टी चालूच आहे. कडीचा आवा —

मिहीर ओरडला. मिहीर नको, मारू नको, ती आपलं —

एक घाव. पोटात