‘उलटा पंखा’चा शेवटचा शो आणि माझ्याविरुद्धचा कट

२ मार्च
काहीतरी शिजतंय. टायरवाल्याच्या मागच्या गाळ्यात प्रॅक्टिसला पोचलो, तर बँडमधले बाकी तिघं कुजबुजत होते. मला पाहताच गप्प. ड्रमर उगाच बूट पुसायला लागला. इतक्या वर्षांत त्याने नाक पुसलेलंही मी पाहिलेलं नाही.

५ मार्च
‘उलटा पंखा’ हा बँड मी काढला. गाणी माझी, आवाज माझा. बाकीचे साथीला. हे मी कधी बोलून दाखवत नाही. फारसं.
आज डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे आमच्या कीबोर्डवालीने, जाहीर केलं की दातांचा दवाखाना आणि बँड दोन्ही आता झेपत नाही, एक शेवटचा शो करून थांबू या. ड्रमरने लगेच मान डोलावली. बासवाला, म्हणजे माझा मेहुणा, जमिनीकडे बघत बसला. सगळं आधीच ठरलेलं!
मी मोठ्या मनाने होकार दिला. प्लॅन असा: लोक रडणार, जाऊ नका म्हणणार, मग माझा सोलो अल्बम.

९ मार्च
पुरावा मिळाला. ‘गच्ची’ गाण्यात मी वरच्या सुराला जातो, तेव्हा ड्रमर मागे स्वतःच्या माइकवर गातो! आज मुद्दाम मान वळवून पाहिलं. डोळे मिटलेले, मानेच्या शिरा फुगलेल्या. माझ्या जागेवर डोळा आहे त्याचा.
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मदत करत असेल. हिचा सख्खा भाऊ कटात, ही दुसरं काय बोलणार!

१२ मार्च
उद्यापासून पहाटे रियाज. घशाच्या ऑपरेशननंतर आवाज उलट भारदस्त झालाय, त्यानंतर काढलेला मागचा अल्बमच ऐका, पण धार हवी.

१३ मार्च
पहाट फारच लवकर होते. घशाला विश्रांती देणं हाही रियाजच.

१६ मार्च
मेहुणा घरी आला. बराच वेळ रिमोटशी खेळला. मग म्हणाला, “भाऊजी, ‘गच्ची’ दोन सूर खाली घ्यायचं का?”
खाली! म्हणजे ड्रमरला सोपं जावं! मूळ पट्टीतच होईल, असं ठणकावून सांगितलं. दारापर्यंत गेला, परत वळला, तोंड उघडलं आणि बहिणीकडे पाणी मागितलं. मनात नक्कीच काहीतरी होतं.

२१ मार्च
साउंडवाल्याला एकटं गाठलं. ‘गच्ची’ला ड्रमरचा गायचा माइक बंद ठेव म्हटलं. त्याने दोनदा विचारलं, नक्की? हाही त्यांच्यातलाच की काय? शेवटी खांदे उडवून म्हणाला, “तुमचा बँड, साहेब.”

२८ मार्च
शो झाला.
हॉल भरला होता. पुढच्या रांगेतले शब्द न् शब्द म्हणत होते. ‘गच्ची’ सुरू झालं तेव्हा सगळे उभे राहिले. वरचा सूर आला. मी छाती भरून श्वास घेतला, डोळे मिटले आणि गायलो. आवाज निघाला तो दार फरशीला घासल्यासारखा. पुन्हा प्रयत्न केला. तोही निघाला नाही.
मागे पाहिलं. ड्रमर जीव तोडून गात होता, बंद माइकमध्ये. माइक बंद आहे हे त्याच्याही लक्षात आलं. ड्रम सोडून तो पुढे आला, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि माझ्या माइकवर तो सूर लावला.
तो सूर मी ओळखला. मागच्या अल्बमवरचा. गाडीत बसून मी तो कितीदा ऐकलाय, आणि शेजारी बसलेल्या प्रत्येकाला ऐकवलाय.
टाळ्या थांबेनात. कोणाला होत्या, ते मी बघितलं नाही.

२९ मार्च
गाळा रिकामा केला. डॉक्टरीणबाई आणि मेहुणा कीबोर्ड घेऊन बाहेर गेले तेव्हा ड्रमरला विचारलं, कधीपासून? तुझ्या ऑपरेशनपासून, म्हणाला. मग सांगितलं का नाहीस? त्याने वायर गुंडाळून खोक्यात टाकली. मग म्हणाला, “तू गाणंच सोडून दिलं असतंस रे. मग आमची गाणी कोण लिहिणार होतं?”
मी दुसरी वायर उचलली. विचारलं, माझ्या सोलो अल्बमवर गाशील का?
तो इतका हसला की खाली बसला. “गातो की. पण मग ड्रम तू वाजवायचे,” म्हणाला आणि काठ्या माझ्या हातात कोंबल्या.
त्या धरायच्या कशा, हे विचारायची लाज वाटली.