पन्हाळ्याच्या चढासाठी एक डबा

कोल्हापूर,
२२ ऑगस्ट १९७८

चि. माधव यास,

तुझ्या एकुलत्या एका अक्काचे भरपूर आशीर्वाद, आणि त्यांतच मुरलेला थोडा राग.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तुझं पोट कसं आहे? मागल्या खेपेला अकरा दिवस आलास, त्यातले सहा ताकभातावर काढलेस आणि गेलास तो गेलासच; त्यालाही आता सात वर्षं झाली. तुझ्या बायकोला आशीर्वाद. मुलांना मराठी समजत असेल तर त्यांनाही सांग, समजत नसेल तर माझ्या वतीने नुसता गालावरून हात फिरव. दिवाळीची कार्डं पोचतात. छापील मजकुराखाली तुम्हा चौघांच्या सह्या असतात, बँकेत खातं उघडताना असतात तशा.

कॉन्व्हेंटमध्ये मदर आग्नेसनी आम्हाला शिकवलं होतं, की पत्राचा मुद्दा पहिल्या परिच्छेदात यावा. (मदर आग्नेसना आयुष्यात कुणाकडे काही मागावं लागलं नसणार.) तर मुद्दा गाडीचा आहे. आमच्या ह्यांची अमेरिकन पिकअप अजून माझ्याकडेच आहे. हे गेले त्याला तीन वर्षं झाली आणि या तीन वर्षांत ती विकत मागायला सतरा माणसं दारात येऊन गेली. त्यातल्या एकाने तर सांत्वनाला आल्याआल्या, चप्पल काढायच्या आधी, बॉनेट उघडून बघितलं. साखर कारखान्याची यंत्रं बसवायला आलेला तो अमेरिकन साहेब ती मागे टाकून गेला, ह्यांनी ती घेतली, आणि मुंबईहून कुठल्याशा मोडीत काढलेल्या आलिशान मोटारीचं आठ सिलिंडरचं इंजिन आणून तिच्यात बसवलं, हे तुला मी सांगायला नको. ते इंजिन उतरवताना साखळी धरायला तूच होतास.

पण एक गोष्ट तू विसरला असशील, म्हणून पुन्हा लिहिते. त्या गाडीला क्लच नाही. टेलिफोन एक्स्चेंजच्या जिन्यावरून पडले तेव्हापासून माझा डावा गुडघा वाकत नाही, आणि या अख्ख्या जिल्ह्यात मी चालवू शकेन अशी तेवढी एकच गाडी आहे. ह्यांनी ती घेतली तेव्हा सगळे म्हणाले, शर्यतीच्या हौसेपायी घेतली. मीही तेच म्हणाले आणि चांगली भांडले. मग एका सकाळी ह्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन बसले. कशासाठी घेतली ते तोंडाने कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आता तिचा तो टॉर्क कन्व्हर्टर गेला आहे. (तुझ्यासाठी नव्हे, तुझ्या बायकोने पत्र वाचून घेतलंच तर तिच्यासाठी लिहिते: दोन पराती तोंडाला तोंड लावून जोडाव्यात तसा तो एक बंद डबा असतो. आत तेल. इंजिनाच्या बाजूची पाती तेल घुसळतात, ते तेल गिअरबॉक्सच्या बाजूच्या पात्यांवर आपटतं आणि गाडी चालते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही, मध्ये फक्त तेल, आणि तरी संसार चालतो. अशी कितीतरी घरं मला ठाऊक आहेत.) डब्यातली पाती झिजली. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन बोंबलतं आणि गाडी जागेवर विचार करत बसते. 

उद्यमनगरात आपला केरबा मिस्त्री आहे. त्याने डबा कापून बघितला, पुन्हा जोडला आणि मान हलवली. मूळ कंपनी हा डबा करत नाही, पण दुसरे कारखानदार करतात, असं कळलं म्हणून तुला अमेरिकेला लिहिलं आणि तू कॅटलॉग पाठवलास. त्याबद्दल आभार. बरोबर दोन ओळींची चिठ्ठी असती तरी पोस्टाचं तिकीट तेवढंच लागलं असतं.

त्या कॅटलॉगने उद्यमनगरात दंगल माजवली. त्यात पंधरा डबे आहेत आणि प्रत्येकापुढे एक आकडा. ब्रेक दाबून धरून ॲक्सिलरेटर दिला, तर इंजिन मिनिटाला किती फेऱ्यांपर्यंत चढतं आणि तिथे अडून बसतं, तो हा आकडा. आकडा मोठा असला की गाडी आधी गुरगुरते आणि मग उडी घेते. शर्यतवाल्यांना तेच हवं असतं. लहान असला की जागेवरून मुकाट ओढायला लागते. वजनदार गाडीला, चढाला लहान आकडा घ्यावा असं कॅटलॉगात स्वच्छ इंग्रजीत लिहिलं आहे. मी ते मराठीत वाचून दाखवलं. केरबाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते खरं हाय अक्का, पर अठ्ठावीसशेचा घ्या की. सोळाशे हा काय आकडा हाय व्हय? चार माणसात सांगताना लाज वाटंल."

"केरबा, तालमीत जोर मोजायचे आहेत का आपल्याला?"

"तसं न्हाय. पर आपले सायेब असते तर त्यांनी मोठाच घेतला असता."

मी कॅटलॉग मिटला. शेजारच्या लेथवाल्यापासून चहा घेऊन आलेल्या माणसापर्यंत सगळ्यांनी अठ्ठावीसशेला कौल दिला, तोही माझ्याकडे न बघता केरबाकडे बघून. तीस वर्षं मी एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडले. जिल्ह्यातले भलेभले "बाई, तेवढा पुण्याचा लावून द्या की" म्हणून माझ्या विनवण्या करत. आता मी माझ्याच गाडीविषयी बोलले तर लोक केरबाला विचारतात, "बाई काय म्हंत्यात?"

कॅटलॉगाच्या मागे एक फॉर्म आहे. त्यात गाडीचं रिकामं वजन विचारलं आहे. केरबा म्हणाला, सांगलीच्या वाटेवर वजनकाटा आहे, सपाट रस्ता आहे, हळूहळू जाऊ. निघालो. त्या दिवशी पौर्णिमा होती हे दोघांच्याही लक्षात नव्हतं. नृसिंहवाडीला जाणारी माणसं रस्त्याच्या कडेने उभी, आणि आमची गाडी बैलगाडीच्या वेगाने चाललेली. एक हात वर झाला, मी थांबले नाही, पण न थांबायला गाडीला वेग कुठे होता? माणूस चालत आला आणि मागच्या हौद्यात चढला. मग त्याची सासू चढली. शालूबाई (माझी शेजारीण, तिला फक्त वारा खायचा होता म्हणून आली होती) सगळ्यांना हात देऊन वर घेत होती. काट्यावर पोचलो तेव्हा मागे अकरा माणसं, नारळाची एक पाटी आणि दत्ताला वाहायची एक पितळी घंटा.

मी म्हटलं, उतरा, वजन करायचंय. कुणी हललं नाही. ती सासू म्हणाली, "उतरलो म्हंजे जागा जाईल की, बाई." काट्यावरच्या कारकुनाने तशीच पावती फाडली. मालाच्या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत 'ऊस' लिहून मोकळा झाला. एकूण बावीसशे ऐंशी किलो. मी केरबाला म्हटलं, रिकामं वजन विचारलंय रे. तर तो गडी शांतपणे म्हणतो, "अक्का, ही गाडी रिकामी कवा गेलीय? सायबांनी वर केलेला हात कधी सोडला का?"

खरंच सोडला नाही, माधव. मला त्याचा केवढा संताप यायचा. सिनेमाला निघालो की तिसऱ्या चौकात मागे चार माणसं आणि एक शेळी असायची, आणि सिनेमाच्या सुरुवातीच्या नावांच्या पाट्या आम्ही कधी बघितल्याच नाहीत. पन्हाळ्याला जाताना मात्र हे पहाटे निघायचे, रस्ता मोकळा मिळावा म्हणून. तू हौद्यात, मी स्टिअरिंगवर, हे शेजारी. शेवटच्या वळणावर हे हलकेच म्हणायचे, "दाब." बस, एवढंच. गाडी अशी उठायची की माझा अंबाडा सुटायचा. वर पोचलं की इंजिन बंद करायचं. गरम लोखंड थंड होताना टिकटिक वाजतं, ते ऐकत बसायचं. खाली दरीत धुकं असायचं. या तीन वर्षांत मला देवळात, समाधीवर, ह्यांच्या फोटोपुढे कुठेही हे भेटले नाहीत. तिथे, वर, भेटतील असं वाटतं. उगाच वाटतं, पण वाटतं.

असो. मी त्या फॉर्मवर बावीसशे ऐंशी किलो लिहिलं आहे, कारण केरबाचं बरोबर आहे. आणि सोळाशेच्या पुढचा, अठराशेचा डबा निवडला आहे. सोळाशे ही माणसं ओढेल. वरचे दोनशे शेवटच्या वळणासाठी. केरबाने नाक मुरडलं, पण दसऱ्यापर्यंत मुदत दिली. तोवर डबा आला नाही तर तो एका मोडक्या ट्रकाचा क्लचवाला गिअरबॉक्स बसवणार. त्याच्या गॅरेजची जागा अडून राहते, त्याचंही पोट आहे. मग गाडी चालेल, फक्त मी चालवणार नाही. माझ्याच गाडीत मी पावणी. शालूबाई म्हणते, "ड्रायव्हर ठिवा की, बाई." मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

प्रकृतीस जप.

तुझी,
अक्का

ता. क. फॉर्म सोबत जोडला आहे. 'गाडीचा वापर' या रकान्यात त्यांनी शर्यत, मालवाहतूक आणि शहर असे तीनच पर्याय दिले होते. मी खाली चौथा, 'पन्हाळा', लिहून त्यावर खूण केली आहे. तो तिथल्या माणसाला समजावून सांग.

ता. क. २. बोटीने पार्सल यायला चार महिने लागतात अशी चौकशी करून आले आहे. दसऱ्याला सात आठवडे उरले. म्हणजे तो डबा कुणीतरी विमानाने, हातात घेऊन आणायला हवा. मला अमेरिकेत एकच माणूस ठाऊक आहे.

ता. क. ३. डबा मिळाला नाही, तरी ये. केरबा म्हणतो जुन्या डब्यात पन्हाळ्याचा एक चढ अजून शिल्लक आहे, दुसऱ्याची तो खात्री देत नाही. गेल्या महिन्यात दोनदा किल्ली घेऊन बाहेर आले आणि परत गेले. एकटीने तो खर्च करवेना. येताना काय, उतार आहे. उताराला डबा लागत नाही, ब्रेक लागतात, आणि ते चांगले आहेत.