ग्रहणात चिरलेली मासळी

माय, त्या दिवशी ग्रहण लागलेलं आणि तुला सातवा महिना उलटलेला. पोटुशीनं ग्रहणात काही चिरू नये, हातपाय दुमडू नयेत, म्हणून तू सरळ पडून होतीस. बाबांनी सानगडीच्या तलावावरून आणलेली मासळी टोपलीत तशीच होती. मी भुकेनं घर डोक्यावर घेतलं. “लेकराले काय ग्रहण,” म्हणत तू उठलीस आणि विळी पुढ्यात ओढलीस.

पुढे भाऊ झाला तो उजवं कोपर न वाकणारा. मोठी आई, बाबांची थोरली वहिनी, दारातूनच म्हणाली, “ग्रहणात इळी कायले धरलीस? आता भोग.” पोरगी भुकेली होती, एवढंही तू बोलली नाहीस. तो डाव्या हातानं जेवायचा. पंगतीत लोक त्याच्याकडे बघू लागले की तू मान खाली घालायचीस. त्या खाली घातलेल्या मानेचा मला आजही राग येतो, तुझा नाही, लोकांचा. मरेपर्यंत तू ते खरं मानलंस.

तू गेल्यावर मी भंडाऱ्याला कॉलेजात शिकले, की पोटात हात आधी सलग तयार होतो, कूर्चेचा, मऊ, मध्ये कुठंही सांधा नसलेला. मग जिथं कोपर व्हायचं तिथल्या पेशी कूर्चा होणं सोडून देतात, तिथं फट पडते, आणि बाळ हलतं म्हणून ती फट मोकळी राहते. तिसऱ्या महिन्याच्या आसपास हे सारं उरकलेलं असतं. तू विळी धरलीस तेव्हा त्याचं कोपर जसं व्हायचं तसं कधीच होऊन गेलं होतं. त्याचंच का अडलं, ते पुस्तकात नव्हतं. भर वर्गात मला रडू आलं. सांगायला तू हवी होतीस.

हे कुठं धाडायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. ऐंशी साली मी शाळेत हाच धडा शिकवत होते, आणि मला सहावा महिना असताना ग्रहण आलं. डोकं दुखतंय असं नवऱ्याला सांगून मी खाटेवर हातपाय ताणून पडले. ग्रहण सुटेपर्यंत कूससुद्धा बदलली नाही. आत लेकरू खुशाल पाय मारत होतं. तुझा दोष नव्हता हे मला तोंडपाठ होतं, माय. पण त्या दुपारी माझा त्यावर विश्वास बसला नाही.