मृणालिनी मॅडमविना चार क्रेडिट

५ जानेवारी
'अॅडव्हान्स्ड डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स' हा कोर्स घेणार नाही. शिकवणाऱ्या मृणालिनी मॅडम म्हणे, आधी बेसिक पक्कं कर. मला! त्याऐवजी इंडिपेंडंट स्टडी, म्हणजे वर्ग नाही, आपलाच प्रोजेक्ट. क्रेडिट तेवढेच, चार. ते मिळाले की मेमध्ये डिग्री हातात.

९ जानेवारी
विषय ठरला. तीन कॉम्प्युटर काम वाटून घेतील, एक बंद पडला तरी बाकीचे दोन चालवून नेतील. गाइड गुणाजी सर. रिटायर व्हायला आलेत, डोकं खाणार नाहीत. एवढंच म्हणाले की मॅडमच्या लेक्चरला बसत जा. हसून सोडून दिलं.

२ फेब्रुवारी
अभ्यास उद्यापासून. आज लॅपटॉप जमवले. एक माझा, एक ताईचा जुना, एक रुचिराचा (ती मॅडमच्या वर्गात आहे, बिचारी). मुलुंडच्या वन रूम किचनमध्ये डेटा सेंटर. झकास.

२० फेब्रुवारी
अभ्यास सुरू करणारच होतो. आईने प्लग काढला. "माका मिक्सर लावूचो आसा." या घरात रिसर्च होणं कठीण आहे.

११ मार्च
तिन्ही लॅपटॉप तीन वेगवेगळी उत्तरं देतात. रुचिरा म्हणाली, हे आमचं वर्गात झालंय, नोट्स देऊ का? नको म्हणालो. स्वाभिमान नावाची गोष्ट असते.

१२ मार्च
नोट्स मागून घेतल्या. कळल्या नाहीत. तिचं अक्षर वाईट आहे.

३ एप्रिल
सुटलं! तिघांचं एकमत होत नसेल तर दोघांना बोलूच देऊ नये. सगळं काम माझा लॅपटॉप करतो, बाकीचे दोन फक्त उत्तर दाखवतात. याला लीडरशिप म्हणतात.

२१ एप्रिल
डेमो. परीक्षक मृणालिनी मॅडम. सरळसरळ कट आहे. त्यांनी विचारलं, यातला कुठलाही बंद करू का? मी म्हणालो, बिनधास्त करा. तिघांतून नेमका माझा बंद केला. तिन्ही थांबले.
मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मग हे दोघं इतका वेळ काय करत होते?"
गुणाजी सर खिडकीबाहेर बघत होते. मला रडू येत होतं. रागाने.

६ मे
क्रेडिट नाही, डिग्री नाही. मॅडमचा अख्खा वर्ग पास. रुचिराला ऐरोलीत नोकरी. बाबांना सांगितलं, रिसर्च लांबलाय.

१३ जुलै
मॅडमचा कोर्स घेतला. त्यांना एक संधी द्यावी म्हणून. वर्गात सगळी ज्युनिअर पोरं. लेक्चर संपताना मॅडमनी विचारलं, कुणाला कळलं नाही असं आहे का? पोरं गप्प.
मी हात वर केला. त्यांच्यासाठी.